एक गट, सहा दारं: कोल्हापूरच्या गावात जमीन घेण्याआधी कुणाला, काय आणि कोणत्या क्रमानं विचारायचं

"सातबारा स्वच्छ आहे, सरपंच ओळखीचे आहेत, ग्रामपंचायतीचा दाखला मिळतोय. आणि काय पाहिजे?"

करवीर तालुक्यात पाच गुंठ्यांचा प्लॉट घेताना माझा चुलतभाऊ हेच म्हणाला होता आणि मी मान डोलावली होती. सरपंचाच्या सहीचं बांधकाम परवानगीपत्र घेऊन त्यानं पाया काढला, प्लिंथपर्यंत काम आणलं, आणि मग नोटीस आली. गाव विकास प्राधिकरणाच्या (शहराभोवतीच्या गावांचं नियोजन बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या) हद्दीत होतं, जागा गावठाणाबाहेर, म्हणजे गावाच्या नोंदलेल्या वस्तीच्या हद्दीबाहेर होती आणि तिथं घर बांधायची परवानगी देणं ग्रामपंचायतीच्या हातातच नव्हतं. ती प्लिंथ अजून तशीच आहे. शेजारच्या काकू तिच्यावर शेणी वाळत घालतात.

यात कुणी खोटा कागद दिला नव्हता. चुकीच्या दारात विचारलेल्या प्रश्नाला मिळालेलं उत्तर आम्ही खरं धरून चाललो, एवढंच. त्यानंतर नात्यातल्या आणि ओळखीतल्या बऱ्याच जणांच्या फायली बघितल्या. घोळ बहुतेक वेळा तिथंच सापडला.

## कोणतं दार कशाचं उत्तर देतं

जमिनीचा तुकडा एकच असला तरी त्याच्यावर निदान सहा कार्यालयांची सत्ता चालते. प्रत्येक जण फक्त आपल्या प्रश्नाचं उत्तर देतो. दुसऱ्याच्या खात्यात अडचण आहे हे तुम्हाला सांगणं कुणाचंच काम नाही.

महसूल खातं (तलाठी, मंडळ अधिकारी, तहसीलदार) सांगतं की जमीन कुणाच्या नावावर आणि कोणत्या प्रकारची आहे. भूमी अभिलेख सांगतं की ती जागेवर नेमकी कुठं आणि किती आहे. नियोजन करणारी संस्था सांगते की तिथं काय बांधता येईल. ग्रामपंचायत घरपट्टी, पाणीपट्टी आणि दिवाबत्ती बघते. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो. विकणाऱ्याची मालकी खरी आहे का, हे शोधून काढणं त्याचं काम नाही. सहावं दार गावागणिक बदलतं: पाटबंधारे, वन, पुरातत्त्व, महामार्ग, एमआयडीसी, विमानतळ.

एक जादा गोंधळ आता वाढलाय. २०२४ पासून तलाठ्याचं पदनाम 'ग्राम महसूल अधिकारी' झालं आणि ग्रामसेवकाचं 'ग्रामपंचायत अधिकारी'. नावं ऐकायला जुळी भावंडं वाटतात, पण खाती वेगळी. लेखात मी तलाठी आणि ग्रामसेवक हेच शब्द वापरतो, गावात अजून तेच चालतात.

क्रमाबद्दल माझा नियम साधा आहे. जी चौकशी स्वस्तात होते आणि जिचं उत्तर 'नाही' आलं तर विषयच संपतो, ती आधी. वकील, मोजणी, इसार हे सगळं नंतर. लोक नेमकं उलटं करतात. आधी इसार देतात, मग वकील गाठतात आणि झोन, म्हणजे जागा कोणत्या वापराच्या पट्ट्यात आहे ते, विचारतात घराचा नकाशा काढायच्या वेळी.

## टप्पा १: गावाचं नाव आणि गट नंबर नक्की करा

हसू नका, निम्मी गडबड इथंच होते.

एजंट सांगतो ते नाव बहुधा बोलीतलं असतं: अमुक वाडी, तमुक माळ, फाट्याजवळ. सरकारी दप्तरात जमीन महसुली गावाच्या नावावर असते. शहराला खेटून असलेल्या कळंब्याचं दप्तरी नाव 'कळंबे तर्फ ठाणे' आहे. ऑनलाइन सातबारा शोधताना 'कळंबा' टाकून बसलात तर यादीत बराच वेळ हुडकावं लागेल. वाडीची वस्ती एका ग्रामपंचायतीत आणि तिची शेती शेजारच्या महसुली गावाच्या शिवारात, असंही असतं. गट ग्रामपंचायत असेल तर एका पंचायतीखाली दोन-तीन महसुली गावं येतात.

विकणाऱ्याकडून या चार गोष्टी कागदावर लिहून घ्या:

- तालुका आणि महसुली गाव
- गट नंबर आणि हिस्सा नंबर (जुन्या दस्तात सर्व्हे नंबर असेल तर एकत्रीकरणानंतर त्याचा कोणता गट झाला तेही)
- सातबाऱ्यावरचं एकूण क्षेत्र आणि त्यातलं विकायचं क्षेत्र
- जागा गावठाणात आहे की बाहेर

तपासा: महाभूनकाशावर (सरकारच्या ऑनलाइन गट नकाशावर) तो गट उघडा आणि मोबाईलवरच्या उपग्रह नकाशाशी ताडून बघा. ओढा, रस्ता, विहीर जिथं दाखवली तिथंच आहे का? अंदाजे जुळलं तरी चालेल, हद्द ठरवायचं काम मोजणीचं. तुम्हाला माळ दाखवून गट नंबर ओढ्याकाठचा दिला नाही ना, एवढं या पाच मिनिटांत कळतं.

## टप्पा २: हे गाव नियोजनासाठी कुणाच्या हातात आहे

कोल्हापूरची खरी मेख इथं आहे. शहराची हद्दवाढ वर्षानुवर्षं अडकली आणि २०१७ मध्ये करवीर व हातकणंगले तालुक्यांतल्या ४२ गावांसाठी प्राधिकरण आलं. परिणाम असा की गावात ग्रामपंचायत आहे, निवडणूक होते, घरपट्टी तिथंच भरायची. पण बांधकाम आणि लेआउटची (प्लॉट पाडण्याच्या नकाशाची) परवानगी प्राधिकरणाची. बाहेरून बघणाऱ्याला हे समजत नाही, कारण कमानीवर नाव ग्रामपंचायतीचं असतं.

तुमचा गट यांपैकी कोणत्या खणात बसतो ते ठरवा:

१. महानगरपालिका: कोल्हापूर, आणि २०२२ पासून इचलकरंजीसुद्धा.

२. नगरपरिषद किंवा नगरपंचायत: हुपरी, शिरोळ, हातकणंगले, आजरा, चंदगड ही गावं पूर्वी ग्रामपंचायती होती. जुन्या दस्तात 'ग्रामपंचायत हद्दीत' लिहिलेलं असेल तर ते त्या दिवसापुरतं खरं होतं. आज परवानगी वेगळीकडं मिळते, आणि मुद्रांक शुल्काचा दरही हद्दीवरच ठरतो.

३. प्राधिकरणातली ४२ गावं: उचगाव, पाचगाव, मोरेवाडी, उजळाईवाडी, कळंबे तर्फ ठाणे वगैरे.

४. एमआयडीसीचं क्षेत्र: शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले पंचतारांकित. त्यांच्या अधिसूचित क्षेत्रात नियोजनही त्यांचंच चालतं. क्षेत्राला लागून असलेला गट घेताय तर संपादनाची अधिसूचना निघाली आहे का, ते विचारा.

५. उरलेला जिल्हा: प्रादेशिक योजनेचं क्षेत्र. गावठाणाबाहेरची परवानगी महसूल आणि नगररचना कार्यालयाच्या वाटेनं जाते.

गावठाणाच्या आत ग्रामपंचायतीला बांधकामाच्या परवानगीत काम असतं. 'पंचायतीची परवानगी चालते' असं लोक म्हणतात ते ऐकीव ज्ञान तिथून आलंय आणि मग ते गावठाणाबाहेरच्या उसाच्या फडालाही चिकटवलं जातं.

सावधान: "हद्दवाढ होणार आहे, भाव तिप्पट होतील" हे वाक्य मी शाळेत असल्यापासून ऐकतोय. होईल तेव्हा होईल. आजच्या हद्दीवर जे करता येतं तेवढ्याचीच किंमत द्या.

## टप्पा ३: झोन दाखला आणि भाग नकाशा

हद्द कळली की त्याच कार्यालयात गट नंबर घालून झोन दाखला मागा. सोबत भाग नकाशाही (नियोजनाच्या नकाशातला तुमच्या गटाचा तुकडा) मागा, तो लोक विसरतात. दाखल्यावर 'रहिवास विभाग' लिहिलेलं असतं; पण गटाच्या मधूनच प्रस्तावित १८ मीटरचा रस्ता जातोय, हे नकाशावरच दिसतं. पाच गुंठ्यांतून असा रस्ता गेला तर हातात राहणार काय?

हिरव्या पट्ट्यात, म्हणजे शेती किंवा ना-विकास विभागात, जमीन स्वस्त असते ती उगीच नाही. तिथं प्लॉट पाडून घरं बांधता येत नाहीत. 'फार्महाऊस बांधा की' असा सल्ला सर्रास मिळतो. शेतघरासाठी किमान ०.४० हेक्टर, म्हणजे ४० आर जमीन लागते. दहा गुंठ्यांत फार्महाऊस विकणारा माणूस तुम्हाला चित्र विकतोय.

गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला रहिवासी वापरासाठी महसूल कायद्यात सोय आहे (कलम ४२-ड). जाहिरातीत हे 'गावठाणालगत, एन.ए.ची (अकृषिक परवानगीची) गरज नाही' असं येतं. ही सोय आपोआप खिशात पडत नाही. अंतर गावठाणाच्या नकाशावरून मोजलं जातं. शेवटच्या घरापासून किंवा मारुतीच्या देवळापासून नाही. तुमचा गट त्या पट्ट्यात येतो असं तहसीलदारांकडून लेखी घ्या.

तयार प्लॉट घेत असाल तर तीन कागद: मंजूर अंतिम लेआउट, अकृषिक आदेश किंवा त्याऐवजी चालणारा महसूलचा कागद, आणि त्या लेआउटमध्ये तुमचा प्लॉट नंबर. 'तात्पुरता मंजूर' आणि 'अंतिम मंजूर' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. चुना टाकून आखलेल्या आणि चार दगड रोवलेल्या प्लॉटिंगला लेआउट म्हणत नाहीत.

तपासा: झोन दाखल्यावरचा गट नंबर आणि गावाचं नाव अक्षर न अक्षर जुळतंय ना? दुसऱ्याच्या गटाचा दाखला झेरॉक्समध्ये फिरताना मी स्वतः बघितलाय.

## टप्पा ४: सातबारा वाचणं, नुसतं बघणं नव्हे

बरेच जण नाव आणि क्षेत्र बघून कागद घडी घालतात. खरी भानगड असते ती दोन ठिकाणी: वरच्या बाजूचा भूधारणा प्रकार आणि उजवीकडचा इतर हक्क.

संकेतस्थळावर फुकट दिसणारी प्रत माहितीपुरती असते. १५ रुपये भरून डिजिटल सहीची प्रत काढा. सोबत ८-अ (खातेदाराची गावातली एकूण जमीन दाखवणारा उतारा), आणि सातबाऱ्यावर लिहिलेल्या प्रत्येक फेरफार क्रमांकाचा उतारा. फेरफार म्हणजे जमिनीचा रोजनामा; नाव कसं लागलं, कुणाचं कमी झालं, कोणत्या कारणानं, हे तिथंच कळतं.

भूधारणेत काय दिसतं त्यावर पुढचं ठरतं.

वर्ग १: विकायला सामान्यतः शासनाची परवानगी लागत नाही. पुढं जा.

वर्ग २: वतनाची, सरकारनं दिलेली, पुनर्वसनात मिळालेली जमीन. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आणि बहुधा नजराणा (सरकारला भरायची रक्कम) लागतो. "व्यवहार करून टाकू, परवानगी मागाहून काढू" असं कुणी म्हटलं की चहा संपवा आणि उठा.

देवस्थान इनाम, वर्ग ३: आपल्या जिल्ह्यात याला वेगळं महत्त्व आहे. पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीच्या ताब्यातल्या देवळांच्या जमिनी गावोगाव पसरल्या आहेत. कब्जेदाराच्या रकान्यात देवाचं नाव असतं आणि खाली वहिवाटदाराचं. चार पिढ्या तो कसत असेल, उसाचं बिल त्याच्या नावावर जात असेल. तरी विकायचा हक्क त्याला नाही. अशा जमिनी स्टॅम्पवर लिहून 'दिल्या' जातात आणि घेणाऱ्याकडं फक्त स्टॅम्प राहतो.

इतर हक्कात हे शब्द दिसले तर थांबायचं:

- कुळकायदा कलम ४३ ला पात्र: कुळाला मिळालेली जमीन. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, खरेदी प्रमाणपत्राला दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या (शेतसाऱ्याच्या) ४० पट रक्कम भरून वाट मोकळी होते. ती रक्कम भरल्याची नोंद आहे का ते बघा.
- पुनर्वसनासाठी हस्तांतरणास बंदी: धरणांच्या लाभक्षेत्रातल्या गावांत हा शेरा येतो. दूधगंगेच्या पाण्यावर भिजणाऱ्या गावांत जमीन बघत असाल तर तो मुद्दाम शोधा.
- वन, राखीव वन, खाजगी वने: शाहूवाडी, राधानगरी, चंदगडच्या बाजूला ही नोंद हमखास बघायची.
- बोजा किंवा इकरार: विकास सेवा सोसायटीचं पीककर्ज, जिल्हा बँक, उपसा जलसिंचन योजनेचं कर्ज. हा शेरा बहुतेक सातबाऱ्यांवर असतो, घाबरायचं कारण नाही. सोसायटीचा बेबाकी (कर्ज फिटल्याचा) दाखला आणि बोजा कमी झाल्याचा फेरफार, दोन्ही खरेदीच्या आधी हातात पाहिजेत.

नावांच्या रकान्यात बहिणी आहेत का? वारसाची नोंद लावताना फक्त भावांची नावं लागली असतील तर आज ना उद्या कुणीतरी उभं राहणारच. मुली हिस्सा मागत नाहीत, आपल्यात तसं नसतं, ही समजूत आता कोल्हापुरात तरी कुणी बाळगू नये. जिचा हक्क आहे तिची सही खरेदीखतावर, नाहीतर नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र.

## टप्पा ५: ही जमीन *तुम्हाला* घेता येते का

शेतजमीन घ्यायला महाराष्ट्रात शेतकरी असावं लागतं. नसाल तर कुळकायद्याच्या कलम ६३ खाली जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. आजोबांच्या नावावर जमीन होती एवढ्यावर भागत नाही, आजच्या ८-अ वर नाव किंवा वारसाचा पुरावा लागतो. तुमची शेती सीमेपलीकडं निपाणीकडं असेल तर ती चालते असं गृहीत धरू नका. तहसीलदारांकडून लेखी उत्तर घ्या.

दुसरी आडकाठी तुकडेबंदीची. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेनं प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे केलं. त्याहून लहान तुकडा मोठ्या गटातून तोडून घेता येत नाही. २०२५ मध्ये सरकारनं यात सूट आणली, पण तिचा रोख शहरी आणि अकृषिक वापराच्या क्षेत्राकडं आहे. उसाच्या रानातला कुठलाही दोन गुंठे तुकडा त्यात बसेल असं नाही. तुमचा गट सुटीत येतो का, हे झोन दाखला दाखवून विचारा. टप्पा ३ आधी केला त्याचा हा दुसरा उपयोग.

सावधान: 'दहा जण मिळून वीस गुंठे घेऊ, सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं लावू, प्लॉट आपापसांत ठरवू.' अशा सामायिक खरेदीत तुमचा हिस्सा असतो, तुमचा प्लॉट नसतो. एकाला कर्ज काढायचं झालं किंवा एकाचं डोकं फिरलं की बाकीचे नऊ अडकतात.

## टप्पा ६: पूर, घाट, गड, विमान

हा टप्पा गावागणिक वेगळा; तुम्हाला लागू असेल तेवढाच करा.

नदीकाठ असेल तर मात्र तो सोडू नका. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. पाटबंधारे विभागाच्या नकाशावर निळी आणि लाल अशा दोन पूररेषा असतात: निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळीच्या आत नवं घर धरू नका. दोन्हींच्या मधे असाल तर जोत्याच्या उंचीसारख्या अटी येतात. पूररेषेत गट येतो की नाही, हे पत्र पाटबंधारेकडून घ्या.

पत्र येईपर्यंत एक काम करा. जागेवर जा आणि शेजारच्या गोठ्याची किंवा मोटारीच्या खोलीची भिंत बघा. प्रयाग चिखली, आंबेवाडीपासून खाली शिरोळपर्यंत पाण्याचा डाग भिंतीवर राहतो. काही ठिकाणी लोकांनी रंगानं रेघ मारून वर्ष लिहून ठेवलंय. आम्ही एकदा बघायला गेलो होतो ती जागा रस्त्यापासून कोरडी ठणठणीत होती. मोटारीच्या खोलीत मात्र स्विचबोर्ड छपराला टेकवून बसवलेला. मालकाला विचारलं, एवढा वर का? तो म्हणाला, "पोरं हात घालत्यात, पाव्हणं." पोरांसाठी सात फूट पुरले असते. मळीचं रान उसाला सोनं आहे, घराला नाही.

घाटाकडच्या तालुक्यांत पश्चिम घाट संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यात गाव आहे का, ते बघा. ३१ जुलै २०२४ च्या मसुद्याला गावांची यादी जोडलेली आहे. राधानगरी अभयारण्याभोवतीचं संवेदनशील क्षेत्र त्याहून वेगळं, ते वन विभागात विचारायचं. पन्हाळ्यावर संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आणि पुढच्या २०० मीटरला पुरातत्त्व खात्याकडून परवानगी लागते. गड २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्यामुळं आता सगळ्यांचंच लक्ष तिकडं आहे. उजळाईवाडीच्या आसपास मजले चढवायचे असतील तर विमानतळाची उंचीची मर्यादा.

महामार्गालगतच्या गटात रस्त्याच्या मध्यापासून किती अंतर सोडायचं, हे रस्ता कुणाचा त्यावर ठरतं: राष्ट्रीय महामार्ग, सार्वजनिक बांधकाम की जिल्हा परिषद. शक्तिपीठ महामार्गाच्या आखणीत येणाऱ्या गावांत संपादनाची अधिसूचना तपासल्याशिवाय इसार देऊ नका.

## टप्पा ७: मोजणी आणि वाट

इथपर्यंत सगळी उत्तरं 'हो' आली असतील तरच मोजणीवर खर्च करा. अर्ज खातेदारानं करायचा असतो, म्हणून विकणाऱ्याला तयार करावं लागतं. टाळाटाळ करणाऱ्याचं बहुधा बांधावरून भांडण असतं. मोजणी झाली की 'क' प्रत (मोजणीचा नकाशा) घ्या आणि खुणांचे फोटो काढून ठेवा. उसाच्या सरीत त्या पुढच्या हंगामापर्यंत टिकत नाहीत.

क्षेत्राचा हिशेब स्वतः करा. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, सातबाऱ्यावरचा एक आर म्हणजे सुमारे १०७६. व्यवहार गुंठ्यात ठरतो, दस्त आरमध्ये होतो आणि 'एक आर म्हणजे एक गुंठा' धरून पैसे मोजले जातात. वीस गुंठ्यांवर हा फरक अडीचशे चौरस फुटांच्या वर जातो. एक खोली झाली की!

वाटेबद्दल कुणाचं तोंडी ऐकू नका. "पाणंद हाय की, ट्रॅक्टर जातोय" असं म्हणणाऱ्याला विचारा की ती पाणंद गाव नकाशावर आहे का, का शेजाऱ्याच्या बांधावरून वहिवाटीनं चालू आहे. नकाशावर नसेल तर शेजाऱ्याकडून वाटेच्या हक्काचा नोंदणीकृत लेख. तुमच्या गटातून उपसा योजनेची पाइपलाइन जाते का, हेही बघा. ती पुरलेली असते आणि पाया खणताना भेटते.

## टप्पा ८: आता ग्रामपंचायत

लोक जिथून सुरुवात करतात ते दार माझ्या यादीत आठव्या टप्प्यावर येतं. घरपट्टीची थकबाकी, नळजोडणी, गटार, वस्तीचा रस्ता पंचायतीच्या नोंदीत आहे की खाजगी, हे इथं विचारा.

दोन कागदांची गल्लत मात्र टाळा. गाव नमुना ८-अ महसूलचा. एका खातेदाराच्या नावावर गावात किती जमीन आहे ते सांगतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ ही घरपट्टीची आकारणी. "आठचा उतारा आहे" असं म्हणून हा दुसरा कागद पुढं सरकवला जातो. घरपट्टी भरल्यानं मालकी सिद्ध होत नाही, आणि विनापरवाना घरालाही घरपट्टी लागते.

गावठाणातलं जुनं घर घेत असाल तर सातबारा नसतोच. स्वामित्व योजनेत ड्रोन मोजणी होऊन मिळकत पत्रिका (गावठाणातल्या जागेचा मालकीचा उतारा) तयार झाली आहे का, ते भूमी अभिलेखमध्ये बघा. नमुना ८ वर एकाचं नाव आणि मिळकत पत्रिकेवर तीन भावांची, तर तिघांशीही व्यवहार.

## टप्पा ९: पैसे, दस्त, फेरफार

वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च (जुन्या दस्तांचा आणि नोंदींचा शोध) घ्या. गावात सगळे वाचतात त्या दैनिकात जाहीर नोटीस द्या. स्वस्तात होतं म्हणून अनोळखी पत्रात देऊ नका, हरकत घेणाऱ्यापर्यंत ती पोहोचली पाहिजे. मग साठेखत (विक्री ठरल्याचा करार), तेही नोंदणी करून. नोटरीसमोरचा स्टॅम्प, वटमुखत्यारपत्र आणि ताबापट्टी या तिघांच्या जोरावर जमीन तुमची होत नाही. पैसे बँकेतून.

खरेदीखतात गट नंबर, क्षेत्र आरमध्ये, चतुःसीमा आणि वाटेचा उल्लेख 'क' प्रतीवरून उतरवा, जुन्या दस्तावरून नव्हे. जुन्या दस्तातला शेजारी मरून वीस वर्षं झालेली असतात.

नोंदणी झाली की काम संपलं असं समजून पेढे वाटले जातात आणि फेरफाराकडं कुणी बघत नाही. तलाठ्याकडं नोंद धरली जाते, हितसंबंधितांना नोटिसा निघतात, हरकतीला १५ दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. महसूलच्या 'आपली चावडी' या संकेतस्थळावर ही नोटीस घरबसल्या दिसते. दर दोन-तीन दिवसांनी बघा. हरकत आली तर सुनावणीला कागद घेऊन स्वतः जा. नोंद नामंजूर झाली तर ६० दिवसांत प्रांताधिकाऱ्यांकडं अपील.

मंजुरीनंतर नवा डिजिटल सातबारा काढा आणि नाव, क्षेत्र, भूधारणा, इतर हक्क पुन्हा ओळीनं वाचा. आमच्या एका पाहुण्यांच्या सातबाऱ्यावर ०.१० च्या जागी ०.०१ पडलं होतं. लेखनप्रमादाची दुरुस्ती कलम १५५ खाली तहसीलदारांकडं होते. पाहुण्यांचं लक्ष तीन वर्षांनी, कर्ज काढताना गेलं, आणि तोवर विकणारा वारला होता.